मोडलेल्या घड्या

टॉवेल झटकताना तिने सहज मान वर केली, तर सामानाच्या खोलीच्या दाराला जी काच होती तिच्यात बाइंडरचा चेहरा होता. चाकाच्या खुर्चीत बसलेला माणूस जेवढा दिसायचा तेवढाच दिसत होता, काचेच्या खालच्या कडेपासून वर, नाक आणि डोळे. तिच्या हातात त्यानेच सकाळी घडी घातलेला टॉवेल होता, दोन्ही टोकांना धरून उलगडलेला, आणि पायाशी टोपलीत आधीच्या मोडलेल्या टॉवेलांचा बोळा. तो पाहत होता. ती पाहत होती. मग त्याची खुर्ची ढकलणाऱ्या वॉर्डबॉयचं कुणाशी तरी चाललेलं बोलणं संपलं असावं, खुर्ची पुढे सरकली आणि काचेत नुसती समोरची पोपटी भिंत उरली. तिने हातातला टॉवेल टोपलीत टाकला, आणि गठ्ठ्यातला पुढचा उचलून तोही झटकला, त्याच्या पुढचाही. गठ्ठा संपेपर्यंत ती थांबली नाही. पुढे दिवसभर तिला खात राहिलं ते त्याने पाहिलं म्हणून नव्हे. पाहिल्यावरही आपले हात चालूच राहिले, म्हणून.

तिच्या खोलीच्या दारावर ‘मनोरंजन उपचार’ अशी पाटी होती, पण या इमारतीत पाट्या वाचायला कुणाला सवड नव्हती. सगळे तिला खेळबाई म्हणत. पक्षाघाताचे, अपघातात डोक्याला मार बसलेले, मोठ्या इस्पितळाने वाचवून सोडून दिलेले आणि घरच्यांनी न्यायची अजून हिंमत न केलेले असे लोक इथे काही महिने राहत. फिजिओवाला त्यांना चालायला लावी, वाचा सुधारणारी मुलगी त्यांना बोलायला लावी, आणि उरलेल्या वेळात खेळबाई त्यांना खेळवी, असा एकूण समज. सिस्टर सकाळी तिला हाक मारून म्हणे, “खेळबाई, एवढ्यांना जरा घेऊन बसा हो, मला चादरी बदलून घेऊ दे.” की ती खुर्च्यांचा गोल करून बसे. मध्ये स्पंजचा पिवळा चेंडू. तो एकाच्या मांडीवरून दुसऱ्याच्या मांडीवर जाई, वाटेत कुणाच्या हनुवटीवरची लाळ पुसून घेई आणि ती पुढच्याच्या तळहातावर नेऊन ठेवी. दुपारपर्यंत त्या चेंडूला आंबलेल्या दुधासारखा वास यायला लागे. “वा, छान झेललात हं,” ती म्हणे. घशात केस अडकावा तसा तो ‘हं’ तिला टोचे, तरी प्रत्येक वाक्याच्या शेवटी हटकून येई. बाजारात एकदा सुटे पैसे परत देणाऱ्या भाजीवालीलाही ती म्हणाली होती, छान मोजलेत हं. भाजीवालीने तिच्याकडे असं काही पाहिलं होतं की तिने त्या गल्लीतून जाणंच सोडलं.

बाइंडरने आल्यापासून तो चेंडू एकदाही झेलला नव्हता. छापखान्यांच्या गल्लीत त्याचं बाइंडिंगचं दुकान होतं, जन्मभर त्याने कागदाच्या घड्या घातल्या, छापील पानांचे फर्मे शिवले, पुस्तकांच्या पाठीला सरस लावला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणंही गेलं. घशातून एक खरखरीत आवाज तेवढा येई, तोही त्याला स्वतःला आवडत नसावा, कारण तो फार क्वचित काढी. चेंडू मांडीवर येऊन पडला की तो घरंगळून खाली जाऊ देई आणि रस्त्यावर कुणी थुंकलेलं दिसावं तसा त्याच्याकडे पाही. तिला त्याबद्दल तो मनातून आवडला होता. मग तिने चित्रांचे पत्ते करून पाहिले, मोठ्या अक्षरांची कोडी, रंग, जुनी गाणी. तो सगळ्याकडे त्याच डोळ्यांनी बघे. शेवटी त्याच्या मुलीला बोलावून घेतलं. मुलगी कुठल्याशा तिकीटखिडकीवर कामाला होती, आणि खिडकीबाहेरच्या माणसाशी बोलावं तशी थोडी पुढे वाकून, तुटक बोलायची.

“तुमच्या वडिलांना काय आवडतं?” खेळबाईने विचारलं होतं.

“आवडतं म्हणजे?”

“म्हणजे रिकाम्या वेळात काय करायचे?”

“रिकामा वेळ त्यांना होता कुठे? दुकानातून यायचे, जेवायचे, झोपायचे.” मग थोडं आठवून, “हां, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या मात्र तेच घालायचे. आईची घडी त्यांना पसंत पडायची नाही.”

दुसरं वाक्य खेळबाईने झडप घालून उचललं. पहिलं तिने ऐकलंच नाही. ऐकलं, पण ते वाक्य म्हणजे मुलीची तक्रार आहे असं समजून बाजूला ठेवलं. या धंद्यात आपण असं किती वेळा केलं असेल, हा विचार आता, संध्याकाळी घरी जाताना, बसमध्ये उभ्या उभ्या तिच्या मनात आला आणि तिने वरचा दांडा सोडून हात रुमालाला पुसला. दांडा चिकट होता. हजारो तळहातांचा.

टॉवेलांचा पहिला दिवस तिला नीट आठवत होता. टॉवेलांची टोपली पुढ्यात ठेवल्याबरोबर बाइंडरचा डावा हात आपण होऊन उठला. एक कड त्याने उजव्या मेलेल्या कोपराखाली दाबली, कोपऱ्याला कोपरा जुळवला, आणि घडीवरून अंगठ्याचं नख असं ओढलं जसं कागदावरून ओढतात. टॉवेलाला कसली धार येणार, पण त्याने प्रत्येक घडीवरून ते ओढलं. ती आनंदाने अगदी खुळी झाली होती. टोपली संपली तेव्हा त्याने मान वर केली, आणि वॉर्डात आणखी धुतलेले टॉवेल नव्हते. म्हणून त्या दिवशी, फक्त त्या दिवशी, तिने तो गठ्ठा सामानाच्या खोलीत नेला, घड्या मोडल्या आणि टोपली भरून पुन्हा त्याच्यापुढे आणून ठेवली. पुढे ती पद्धतच पडली. तो सकाळी घाली, ती दुपारी मोडी. तो दुपारी घाली, ती संध्याकाळी मोडी. त्याची बोटं सुटली, पाठ ताठ झाली, तो जेवायला लागला. डॉक्टर येईल त्या पाहुण्याला घेऊन बाइंडरपाशी थांबायला लागले आणि “हे बघा आमचं मनोरंजन उपचाराचं काम” म्हणायला लागले. तोवर त्यांना तिचं पद नेमकं काय आहे हेही आठवत नसे. गेल्या वर्षी तर ते तिच्या तोंडावर म्हणाले होते की करमणूक काय टीव्हीही करतो. आता तिच्या खोलीला नवीन पडदे मिळाले होते. त्या टॉवेलांतून बारीक तंतू उडत, तिच्या नाकात जात, आणि ती घरी नाक शिंकरी तेव्हा रुमालावर पांढऱ्या गोळ्या येत. त्या तिने कित्येक महिने पाहिल्या होत्या आणि कधी काही वाटलं नव्हतं.

हे सगळं तिला जिने शिकवलं ती बाई हे ऐकून काय म्हणाली असती? उंच, रागीट, खोकत खोकत वर्गात येणारी. पहिल्याच तासाला तिने टेबलावर पत्ते, लोकरीचा गुंडा, मातीचा गोळा, बुद्धिबळाचा पट असं काय काय मांडलं आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. वर्ग चुळबुळत राहिला. शेवटी कुणीतरी विचारलं, बाई, यातलं काय घ्यायचं? तेव्हा ती वळली. “आजारपण माणसाकडून सगळ्यात आधी काय काढून घेतं?” तिने विचारलं. “हात नाही, पाय नाही. मनाला येईल ते करणं काढून घेतं. उठायचं कधी, जेवायचं काय, दार बंद की उघडं, सगळं दुसरा ठरवतो. तुमचं काम वेळ घालवून द्यायचं नाही. तेवढं एक ठरवणं त्याचं त्याला परत मिळवून द्यायचं, आणि मग बाजूला व्हायचं. हात मोकळा होतो, मन रमतं, चार माणसांत बसता येतं, ते सगळं त्याच्या मागून येतं. आणि ज्याला नको म्हणता येत नाही त्याला खेळ दिलात तर तो खेळ नाही, ती वेठ आहे.” खेळबाईने हे शब्दन् शब्द उतरवून घेतलं होतं, सुंदर अक्षरात, खाली दोन रेघा मारून. लग्नानंतर नवऱ्याला वाचूनही दाखवलं होतं. त्याने मन लावून ऐकलं आणि म्हणाला, म्हणजे पगार घेऊन पत्ते खेळायचे. दोघंही पोट धरून हसली होती तेव्हा. चांगलं हसू होतं ते. पण त्या हसण्यातच काहीतरी सैल झालं असावं, कारण त्यानंतर तिने ते कुणाला वाचून दाखवलं नाही आणि लोक खेळबाई म्हणाले की ओ द्यायला लागली.

घरी आल्यावर तिने हात धुतले, पुन्हा धुतले. पलंगावर नवऱ्याचा ओला टॉवेल नेहमीप्रमाणे पडलेला होता. एरवी ती बडबडत उचलायची. आज तिला त्याला बोट लावायची इच्छा होईना. ओल्या कपड्याला येणारा तो कोंदट वास खोलीभर होता आणि त्याखाली आणखी एक, पायाला प्लास्टर असतानाचा. लहानपणी तिचा पाय मोडला होता. प्लास्टरच्या आत घाम साचून मेलेल्या उंदरासारखा वास यायचा, खाज सुटायची, आणि आई शिवणयंत्रावर बसलेली. आईने तिला बटणांचा मोठा डबा दिला होता. रंग वेगळे कर. ती करायची, वाट्या भरून ओळीने मांडायची. सकाळी उठावं तर डब्यात सगळी बटणं पुन्हा एकत्र. “रात्री खेळली असतील एकमेकांशी,” आई म्हणायची. सुरुवातीला तिला खरं वाटलं. मग एकदा जाग आली असताना तिने आईला पाहिलं, वाट्या एकेक करून डब्यात ओतताना, आवाज होऊ नये म्हणून वाटीच्या तोंडावर हात धरून. दुसऱ्या दिवशी तिने निमूटपणे रंग वेगळे केले. आई दमलेली असते, तिला बरं वाटू दे, असं तिला वाटलं होतं असं ती नंतर स्वतःला सांगत आली. पण आज त्या ओल्या टॉवेलासमोर उभी असताना तिला आठवलं की तसं काही वाटलं नव्हतं. आईचा राग आला होता, काळाकुट्ट राग, आणि बटणांची किळस. आजही दुसऱ्याच्या अंगावरून तुटून पडलेलं बटण तिला उचलवत नाही.

“काय झालं?” नवरा जेवताना म्हणाला. “ताटात नुसतं बघत बसलीयेस.”

“एका पेशंटने मला पाहिलं.”

“काय करताना?”

“त्याने घातलेल्या घड्या मोडताना.”

तिने सगळं सांगितलं. त्याने घास चावून गिळला. वाईट माणूस नव्हता तो, तिला बरं वाटावं एवढंच त्याच्या मनात होतं. “अगं, एवढं काय लावून घेतेस,” तो म्हणाला, “त्याला काय कळतंय.”

ती ताटावरून उठली आणि मोरीत जाऊन ओकली. तोंड धुताना तिच्या ध्यानात आलं की नवऱ्याने नवीन काहीच सांगितलेलं नाही. त्याला काय कळतंय, याच वाक्यावर तिने ती टोपली रोज भरली होती. बोलता येत नाही त्याला कळतही नाही असं धरून चालायचं, आणि वर त्याच्याशी हं लावून गोड बोलायचं. फक्त हे वाक्य तिने कधी उच्चारलं नव्हतं, कारण ती शिकलेली होती.

दुसऱ्या दिवशी बाइंडरचा निकाल होता. तसंच म्हणत सगळे, निकाल. डॉक्टर, सिस्टर, घरचं माणूस आणि उपचारवाले बसायचे आणि ठरायचं की माणूस घरी जायचा की वरच्या मजल्यावर. वरचा मजला डोकं ठिकाणावर न राहिलेल्यांचा होता. त्याचं दार बाहेरूनच उघडे, आणि तिथून कुणी पुन्हा खाली येऊन घरी गेल्याचं खेळबाईला आठवत नव्हतं. बाइंडरबद्दल कुणाला शंका नव्हती. पण मुलगी दिवसभर कामावर, घरात तो एकटा राहणार, म्हणून डॉक्टरांना एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं की हातातलं काम तो धरून पुरं करतो का. “ते तुमचं टॉवेलांचंच होऊ दे,” ते खेळबाईला म्हणाले. “मुलीलाही बघून बरं वाटेल.” रात्रभर तिने ठरवलं होतं की सकाळी आधी बाइंडरला एकटं गाठायचं आणि माफी मागायची. सकाळी ती आली तेव्हा सिस्टरने त्याची दाढी करून, केस विंचरून त्याला टेबलाशी आणून बसवलेलं होतं. टोपली समोर होती. तीच, कालची.

त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि कामाला लागला. कोपराखाली कड, कोपऱ्याला कोपरा, नख. मुलगी तोंडावर हात धरून बघत होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. घडी झाली. बाइंडरने ती टेबलावर क्षणभर ठेवली. मग डाव्या हाताने तिचं टोक पकडलं, हात होईल तेवढा उंच उचलून टॉवेल झटकला, त्याचा बोळा केला आणि टोपलीत परत टाकला. दुसरा घेतला. घडी घातली. झटकला. टोपलीत टाकला. आणि खेळबाईकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. पण दुकानात हाताखालचा माणूस मालकाकडे बघतो तसं ते बघणं होतं: तेही माझ्याकडेच ठेवा, तुम्हाला पुन्हा खोलीत जायला नको. कुणाचे तरी हे टॉवेल पुरवायचे आहेत, कामाची ही पाळी आहे आणि ती संपतच नाहीये, असंच इतके महिने तो समजत होता. तिने ज्याला रमणं म्हटलं ते त्याच्या लेखी दुकान होतं. फक्त इथलं दुकान बंद होत नव्हतं.

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. “असं कधीपासून?” त्यांनी सिस्टरला हळू विचारलं.

“आजच बघतेय मी. केलेलं विसरून जातायत बहुतेक.”

“हं.” डॉक्टर मुलीकडे वळले. “हे बघा, हात चांगला चालतोय, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण काम पुरं झालं हे लक्षात राहत नसेल, तर घरात एकटं ठेवणं कठीण आहे. गॅस आहे, दार आहे. वरच्या मजल्यावर त्यांची काळजी चांगली घेतात.”

“पण मागच्या रविवारी तर चांगले…” मुलगी म्हणाली, आणि थांबली.

बाइंडरने तिसरा टॉवेल घेतला. बोलायला हवं हे खेळबाईला पहिल्या झटक्यालाच कळलं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे नवीन पडदे आले, पाहुणे आले, करमणूक काय टीव्हीही करतो हे आलं. या एका माणसावर तिची खोली उभी होती. बोलली तर उद्यापासून तिथे फिजिओवाल्याची व्यायामाची सायकल येईल. तो तिसऱ्या टॉवेलावरून नख ओढत होता आणि ती हिशेब करत होती. आपण हिशेब करतोय हे दिसलं तेव्हा तिला स्वतःचा उबग आला.

“ते विसरत नाहीयेत,” ती म्हणाली. “ते माझं काम करतायत.”

कुणाला काही कळलं नाही.

“टॉवेल तेवढेच असतात. त्यांनी घातलेल्या घड्या मी आतल्या खोलीत नेऊन मोडते आणि टोपली परत आणून ठेवते. रोज. काल त्यांनी मला बघितलं. मला त्रास नको म्हणून आता तेच मोडतायत.”

सिस्टर खाली बघायला लागली. तिला माहीत होतं, सगळ्या वॉर्डाला माहीत होतं. मुलगी खुर्चीत पुढे वाकली. “रोज?” तिने विचारलं. “आणि मी बाहेर सगळ्यांना सांगत होते की बाबांना तिथे करमतंय.” तिने खेळबाईकडे पाहिलं ते भाजीवालीसारखं नाही, त्याहून साधं, ताटात निघालेल्या केसाकडे पाहतात तसं. खेळबाईने नजर वळवली नाही. हे पाहणं आपल्याच वाट्याचं आहे असं तिला वाटलं.

“म्हणजे त्यांना सगळं कळतंय,” डॉक्टर म्हणाले. त्यांना आपण बाइंडरपाशी आणलेले पाहुणे आठवत असावेत. “मग प्रश्न नाही. घरी जाऊ देत. तुमच्या त्या कामाबद्दल मात्र आपल्याला बोलावं लागेल.”

“बोलू,” ती म्हणाली.

मुलीने डोळे पुसले, पर्स उघडली, बंद केली. “मी नेते त्यांना. पण घरी दिवसभर काय देऊ यांना करायला?” ती डॉक्टरांना विचारत होती. खेळबाईला विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तरीही खेळबाई उठली. खुर्ची ओढून ती बाइंडरसमोर बसली, त्याचे डोळे आणि तिचे एका उंचीवर आले. त्याच्या हातात चौथा टॉवेल होता. त्याच्या दाढीच्या साबणाचा वास येत होता. इतक्या महिन्यांत तिने हे सगळ्यांना विचारलं होतं, मुलीला, सिस्टरला, वॉर्डबॉयलासुद्धा.

“बाबा, तुम्हाला काय करायचंय?” तिने विचारलं. “काही नको असेल तरी चालेल.”

त्याने हातातल्या टॉवेलाकडे पाहिलं. तो खाली ठेवला, घडी न घालता. मग डावा तळहात त्याने टोपलीच्या काठाला लावला आणि ढकलायला लागला. टोपली जड होती, इंच इंच सरकत गेली. मुलगी मदतीला उठली, तिला खेळबाईने हातानेच थांबवलं. टेबलाच्या कडेवरून टोपली कलली आणि सगळे टॉवेल जमिनीवर पसरले. सिस्टर सवयीने उचलायला वाकली, आणि तशीच अर्धी वाकून थांबली. बाइंडरने डाव्या हाताने आपला उजवा हात टेबलावरून उचलला, नीट मांडीवर आणून ठेवला, त्यावर डावा ठेवला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं, पलीकडच्या इमारतीची मागची बाजू आणि सांडपाण्याचे नळ. तो ते बघत बसला. खेळबाई टॉवेलांत पाय ठेवून तशीच त्याच्यासमोर बसून राहिली, आणि त्या खोलीत कुणी काही करत नव्हतं.